‘जमत नाही’ म्हणजे काय? संगणकावरील मांडणीतल्या चुका आणि त्यांची दुरुस्ती



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला म्हणजे तो महागाई, बोनस किंवा संप यांवर बोलणार अशी श्रोत्यांची अपेक्षा असते, आणि ती रास्तच आहे. मी मात्र आज गणिताविषयी बोलणार आहे. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंत झाले. पुढे जे काही शिकलो ते लेथवर, युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तेव्हा या विषयातला अधिकारी म्हणून मी बोलत नाही. गणिताने ज्याला एकदा भर बैठकीत गप्प बसवले आणि ते का, हे ज्याने मागाहून शोधून काढले, असा एक माणूस म्हणून बोलतो आहे.

प्रसंग असा. एका कारखान्याच्या पॅकिंग खात्यात ८४ कामगार आहेत. त्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया. कारखान्याचे नाव सांगण्याचे कारण नाही. खाते सातही दिवस चालते आणि प्रत्येकाला आठवड्यातून एक सुट्टी मिळते. आजवर सरळ वाटप होते: रोज १२ जणांना सुट्टी, बाकीचे ७२ कामावर. पुढे यंत्रे बदलली आणि व्यवस्थापनाने रोजच्या गरजेचे नवे आकडे काढले. सोमवार ते शनिवार रोज ७० माणसे, रविवारी ५६. हे आकडे आम्हालाही मान्य होते. एका तरुण अधिकाऱ्याने ते संगणकावर घालून वेळापत्रक करावयास घेतले. बैठकीत एक कागद आमच्यापुढे सरकवण्यात आला. त्यावर वेळापत्रक नव्हतेच. एकच शब्द होता, ‘इन्फीझिबल’, म्हणजे अशक्य. “पाहा,” आम्हाला सांगण्यात आले, “संगणकच म्हणतो आहे, इतक्या माणसांत सर्वांना साप्ताहिक सुट्टी बसत नाही. महिन्यातल्या दोन सुट्ट्या सोडा आणि त्यांचे पैसे घ्या.”

सांगावयास लाज वाटते, पण आमच्या बाजूचे कोणीही बोलले नाही. साहेबांशी वाद घालता येतो, आकड्यांशीही घालता येतो. पण संगणकाने ‘अशक्य’ म्हटल्यावर काय बोलावे? घरी परतताना लोकलमध्ये मी पाकिटाच्या पाठीवर हिशेब मांडला. ८४ माणसे, प्रत्येकाचे सहा दिवस, म्हणजे आठवड्याला ५०४ हजेऱ्या. गरज सहा दिवस ७० आणि एक दिवस ५६, म्हणजे ४७६. अठ्ठावीस हजेऱ्या शिल्लक राहतात. मग अशक्य कसे?

या प्रश्नाच्या मागे लागून मी जे शिकलो ते आज आपल्यापुढे ठेवतो.

मांडणी म्हणजे काय

असा प्रश्न यंत्राला घालताना तीन गोष्टी लिहून द्याव्या लागतात. पहिली, आपल्या हातात काय आहे. त्याला चल म्हणतात. आमच्या प्रश्नात सात चल होते: सोमवारी किती जणांना सुट्टी, मंगळवारी किती, असे रविवारपर्यंत. दुसरी गोष्ट म्हणजे अटी: रोज किमान इतकी माणसे हजर हवीत, सातही दिवसांच्या सुट्ट्यांची बेरीज ८४ व्हावी, कोणताही आकडा उणे नसावा. तिसरी गोष्ट उद्दिष्ट: खर्च कमीत कमी, किंवा रविवारच्या सुट्ट्या जास्तीत जास्त, असे जे काही आपल्याला साधायचे असेल ते. या तिन्ही मिळून मांडणी होते. गणित यंत्र करते, पण मांडणी माणसाची असते. आजच्या व्याख्यानातून एवढी एक गोष्ट आपण घरी नेलीत तरी माझे काम झाले.

ही मांडणी हल्ली पुष्कळदा पायथन नावाच्या संगणकीय भाषेत लिहितात. १९९१ साली गिडो व्हान रॉसम या डच गृहस्थांनी ती प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यात अशा प्रश्नांसाठी ‘सीव्हीएक्सपाय’ नावाचे एक साधन आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठात स्टीव्हन डायमंड आणि स्टीफन बॉइड यांनी ते रचले आणि २०१६ साली त्यावर निबंध प्रसिद्ध केला. हे साधन कोणालाही फुकट मिळते. माझी पुतणी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. चार-पाच रविवार खर्ची घालून तिने ते मला शिकवले.

तडजोडीचे गणित

या साधनाला सगळेच प्रश्न चालत नाहीत. ज्यांना बहिर्वक्र किंवा इंग्रजीत कॉन्व्हेक्स म्हणतात, तेच प्रश्न ते घेते. हा शब्द आपण शाळेत भिंगाच्या संदर्भात ऐकलेला असतो. येथे त्याचा अर्थ काय, तो मी माझ्या धंद्यातल्या उदाहरणाने सांगतो.

समजा, दोन करार आपल्यापुढे आहेत आणि दोन्ही सर्व अटींत बसतात. एकात सोमवारी ८ जणांना सुट्टी आहे, दुसऱ्यात १२ जणांना. आता दोहोंच्या बरोबर मधला करार घ्या, १० जणांचा. तोही अटींत बसतो. कोणतेही दोन मान्य करार घेतले आणि त्यांच्या मधला प्रत्येक करार मान्य निघाला, तर अटींचा तो प्रदेश बहिर्वक्र समजावा. त्यात भोके नसतात आणि तुटलेली बेटेही नसतात.

उद्दिष्टालाही असाच आकार लागतो. खर्च कमीत कमी करायचा असेल तर त्याचा आकार वाटीसारखा हवा. वाटीत गोटी कोठूनही सोडा, ती तळाशीच जाऊन थांबते. उलट, खड्ड्यांच्या रस्त्यावर सोडलेली गोटी जवळच्या खड्ड्यात अडकते आणि तोच सर्वांत खोल आहे असे वाटते. पावसाळ्यातल्या मुंबईकराला हे अधिक समजावून सांगावयास नको. तात्पर्य, बहिर्वक्र प्रश्नात मिळालेला तळ हा खरोखरच सर्वांत खालचा तळ असतो. आमच्यासारख्या साध्या बेरजांच्या प्रश्नात तर दुसराही एक गुण असतो. ‘अशक्य’ असे उत्तर आले तर त्याचा पुरावाही गणितातूनच काढता येतो. पुरावा मागता येतो, ही गोष्ट वाटाघाटी करणाऱ्या माणसाला फार मोलाची आहे.

येथे एका मराठी माणसाची आठवण केली पाहिजे. अशा प्रश्नांतला सर्वांत साधा प्रकार, ज्यात फक्त बेरजा आणि पटी येतात, त्यासाठी अमेरिकेत जॉर्ज डँट्झिग यांनी १९४७ साली एक पद्धत शोधून काढली होती. ती अटींच्या प्रदेशाच्या कडेकडेने, एका कोपऱ्यावरून दुसऱ्या कोपऱ्यावर जाते. १९८४ साली नरेंद्र करमरकर यांनी दुसरी वाट दाखवली. कडेने न जाता प्रदेशाच्या आतून, मधून जाणारी. १९७८ साली आपल्या पवईच्या आयआयटीतून विद्युत अभियांत्रिकीची पदवी घेतलेले हे गृहस्थ त्या वेळी अमेरिकेत बेल प्रयोगशाळेत होते. पुढे हीच आतली वाट बहिर्वक्र प्रश्नांच्या मोठ्या वर्गाला लागू करण्यात आली, आणि आज या साधनाच्या पोटात उत्तरे काढणारी जी यंत्रणा चालते तिचा बराचसा भाग त्याच वाटेवरचा आहे. पार्ल्याहून पवई काही लांब नाही.

बोलण्यातली चूक

आता चुकांकडे वळू. पहिल्या प्रकारची चूक बोलण्यातली. मागणी बरोबर असते, ती सांगण्याची रीत चुकते.

काही चुका अगदी वरवरच्या असतात. ‘शून्यापेक्षा मोठे आणि दहापेक्षा लहान’ असे आपण एका दमात बोलतो. हे साधन त्या दोन स्वतंत्र अटी म्हणून लिहावयास लावते. ‘पेक्षा कमी’ अशी काटेकोर अट त्याला चालत नाही, ‘इतके किंवा त्याहून कमी’ अशीच लागते. बरोबरीची अट दोन बरोबर-चिन्हांनी लिहावी लागते. एकच चिन्ह लिहिले तर अट न होता चलाचे मूळ नावच पुसले जाते. ‘दोहोंतले मोठे’ काढावयाचे तर पायथनचा नेहमीचा शब्द चालत नाही, साधनाचा स्वतःचा शब्द वापरावा लागतो. आणखी एक फसवी गोष्ट. पायथनमध्ये आकड्यांच्या कामासाठी नमपाय नावाचे जे दुसरे साधन आहे, त्यात सात आकड्यांची साधी यादी आणि सात आकड्यांचा उभा स्तंभ यांची बेरीज केली, तर सात नव्हे, एकोणपन्नास आकडे निघतात, आणि तक्रार कोणीच करीत नाही. म्हणून आकडे पुढे देण्याआधी त्यांचा आकार छापून पाहावा. या चुका पहिल्या आठवड्यात होतात आणि दुसऱ्यात संपतात.

खरी अडचण पुढची आहे. हे साधन प्रश्न सोडवण्यापूर्वी तो बहिर्वक्र आहे की नाही हे तपासते. ते तपासण्याचे नियम मायकेल ग्रँट, स्टीफन बॉइड आणि यिन्यू ये यांनी बांधले. मराठीत आपण त्यांना शिस्तबद्ध मांडणीचे नियम म्हणू. साधनाजवळ ओळखीच्या शब्दांचा एक कोश असतो: वर्ग, वर्गमूळ, निरपेक्ष किंमत, सर्वांत मोठा आकडा, इत्यादी. प्रत्येक शब्दापुढे तो वाटीसारखा की डोंगरासारखा, चढता की उतरता, हे नोंदलेले असते. वाक्य कसे जोडले आहे ते पाहून साधन निर्णय देते. खिडकीवरच्या कारकुनासारखे त्याचे काम असते. अर्जातली हकीकत खरी की खोटी यात तो शिरत नाही. नमुना बरोबर आहे की नाही एवढेच पाहतो. त्यामुळे ‘नियमात बसत नाही’ असा शेरा आला म्हणजे प्रश्न बहिर्वक्र नाहीच असे ठरत नाही. आपण सांगितलेल्या रीतीने तो तसा आहे हे साधनाला पटले नाही, एवढाच त्याचा अर्थ.

दोन उदाहरणे देतो. आमची एक अट अशी होती की रात्रपाळीच्या हजेऱ्या एकूण हजेऱ्यांच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक नसाव्यात. मी लिहिले: रात्रपाळी भागिले एकूण, हे एक-तृतीयांश किंवा कमी. अर्ज परत आला! चलाला चलाने भागलेले साधनाला चालत नाही. मग लिहिले: रात्रपाळी ही एकूणच्या एक-तृतीयांशाइतकी किंवा कमी. लगेच स्वीकारले. एकूण हजेऱ्या शून्याहून मोठ्याच असतात, म्हणून दोन्ही वाक्यांचा अर्थ एकच आहे. पण दुसऱ्यात भागाकार नाही.

दुसरे उदाहरण ओव्हरटाइमचे. तो सर्वांना सारखा मिळावा म्हणून प्रत्येकाचा सरासरीपासूनचा फरक घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा, सर्वांची बेरीज करून वर्गमूळ काढायचे आणि ते कमीत कमी करायचे, असे मी योजले. पुन्हा शेरा. कारण असे की वर्गांची बेरीज वाटीसारखी, पण बाहेरचे वर्गमूळ डोंगरासारखे. वाटीवर डोंगर ठेवल्यावर एकंदर आकार काय होतो हे नियमांना सांगता येत नाही. वास्तविक ही संपूर्ण राशी वाटीसारखीच आहे, आणि तिच्यासाठी कोशात ‘नॉर्म’ असा एकच तयार शब्द आहे. तो वापरला की काम होते. कित्येकदा बाहेरचे वर्गमूळ काढूनच टाकले तरी चालते, कारण जेथे वर्गांची बेरीज सर्वांत लहान असते तेथेच तिचे मूळही सर्वांत लहान असते.

असा शेरा आला की घाबरून सगळे पुसू नये. साधनाला प्रत्येक तुकड्याचा आकार विचारता येतो. ते ‘वाटी’, ‘डोंगर’, ‘सरळ’ किंवा ‘अज्ञात’ अशा अर्थाचे उत्तर देते. आतल्या तुकड्यापासून बाहेर जात विचारावे. जेथे पहिल्यांदा ‘अज्ञात’ येईल, चूक तेथे आहे. लेथवरही आम्ही असेच करतो: आवाज आला म्हणून सबंध मशीन उघडत नाही, एकेक गिअर सोडवून पाहतो.

अटींतली चूक

दुसऱ्या प्रकारच्या चुकीत वाक्ये शुद्ध असतात, साधन प्रश्न स्वीकारते, पण ‘अशक्य’ असे उत्तर देते. म्हणजे अटी एकमेकींशी भांडत आहेत. आमच्या कागदावर होता तो शब्द हाच.

आम्ही लेखी मागणी केली की नुसते उत्तर नको, मांडणी द्या. थोड्या खळखळीनंतर दोन-तीन पाने मिळाली. पुतणी म्हणाली, “काका, गेल्या महिन्याचा मस्टर आणा.” मला वाटले, मुलगी गणित सोडून हजेरी कशाला मागते? पण तिचा विचार सरळ होता. जे वेळापत्रक प्रत्यक्षात चालले होते ते चलांच्या जागी घालायचे आणि प्रत्येक अट किती मोडते ते साधनालाच विचारायचे. जुन्या वाटपात रोज ७२ माणसे हजर होती. गरज ७० आणि ५६. म्हणजे नव्या गरजेलाही ते पुरून उरत होते. तरी साधन म्हणाले: सोमवार ते शनिवार प्रत्येक दिवशी अट दोनने मोडली, रविवारी सोळाने. सहा दुणे बारा आणि सोळा, एकूण अठ्ठावीस. लोकलमध्ये मी मांडलेला आकडा हाच!

मग चूक डोळ्यांपुढे आली. ‘रोज ७० माणसे’ याचा अर्थ आपण ‘किमान ७०’ असा घेतो. मांडणीत ते ‘बरोबर ७०’ असे लिहिले गेले होते. प्रत्येकाने सहा दिवस काम करायचे तर ५०४ हजेऱ्या भरतात, आणि रोजच्या बरोबर आकड्यांची बेरीज ४७६. शिल्लक २८ हजेऱ्यांना बसावयास जागाच नव्हती. यंत्राने ‘अशक्य’ म्हटले ते माणसे कमी पडली म्हणून नव्हे, जास्त झाली म्हणून! आणि त्या शब्दाचा अर्थ बैठकीत अगदी उलटा लावून सुट्ट्या मागण्यात आल्या. मांडणी लिहिणारा तरुण प्रामाणिक होता. त्याला दिलेल्या कागदावर ‘किमान’ हा शब्दच नव्हता. दाखवताच त्याने चूक कबूल केली आणि चिन्ह बदलले. क्षणात वेळापत्रक निघाले.

जेथे जुना मस्टर नसेल तेथे दुसरा उपाय आहे. प्रत्येक अटीला थोडी सूट द्यावी आणि ‘सर्व सुटींची बेरीज कमीत कमी कर’ एवढेच उद्दिष्ट ठेवावे. जी अट सूट मागते तिच्या आसपास भांडण आहे. किंवा सगळ्या अटी काढून एकेक परत घालावी. कोणती घातल्यावर ‘अशक्य’ येते ते पाहावे. आणि ८४ माणसांचा प्रश्न बिघडला असेल तर आधी सात माणसांचा, हाताने सुटेल असा करून पाहावा.

याच्या उलट प्रकार म्हणजे अट राहून जाणे. एकदा मी ‘रविवारच्या सुट्ट्या जास्तीत जास्त’ असे उद्दिष्ट लिहिले, पण रविवारची किमान गरज आणि ‘आकडा उणे नको’ या दोन अटी विसरलो. साधनाने ‘अनबाउंडेड’, म्हणजे अमर्याद, असा शेरा दिला. सोमवारी उणे हजार माणसे सुट्टीवर पाठवून रविवारी वाटेल तितकी पाठवता येतात, असा त्याचा हिशेब झाला होता. यंत्राला उणे माणूस दिसला तर ते हसत नाही.

म्हणून उत्तराचे आकडे वाचण्याआधी शेरा वाचावा. ‘इष्टतम’ असेल तरच पुढे जावे. ‘अशक्य’ किंवा ‘अमर्याद’ असताना चलांच्या जागी आकडे नसतातच. नवशिके तेथे आकडे शोधतात आणि भलत्याच चुकीच्या मागे लागतात. ‘इष्टतम, पण अचूक नाही’ असाही एक शेरा येतो. त्याचे एक नेहमीचे कारण म्हणजे एकाच मांडणीत कोट्यवधी रुपये आणि पाव-अर्धा तास असे फार विषम आकडे असणे. रुपये लाखांत लिहावेत, म्हणजे बहुधा निभावते.

मूळचीच अडचण

तिसऱ्या प्रकारात चूक बोलण्याची नसते आणि अटींच्या भांडणाचीही नसते. मागणी मुळातच बहिर्वक्र नसते.

आमच्या भगिनींची एक न्याय्य मागणी होती. ओव्हरटाइम द्यायचा तर किमान दोन तासांचा द्या, नाहीतर देऊ नका. पंधरा मिनिटांसाठी थांबवून ठेवू नका, गाडी चुकते. म्हणजे शून्य मान्य, दोन तास मान्य, पण त्यांच्या मधला एक तास मान्य नाही. मघाशी सांगितलेली कसोटी लावून पाहा. दोन मान्य करारांच्या मधला करार अमान्य निघाला. प्रदेशाला भोक पडले. हे वाक्य कितीही फिरवून लिहिले तरी साधन ते स्वीकारणार नाही, आणि न स्वीकारण्यात त्याची चूकही नाही.

अशा वेळी दोन प्रामाणिक मार्ग आहेत. दोन वेगळे प्रश्न करावेत, एक ओव्हरटाइम नसलेला आणि एक किमान दोन तासांचा. दोन्ही सोडवून चांगले ते निवडावे. किंवा ‘होय-नाही’ अशा चलांचा प्रश्न करावा. तो सोडवणारी यंत्रणा वेगळी असते, आणि प्रश्न मोठा झाला तर ती फार वेळ घेऊ शकते. तिसरा मार्गही लोक घेतात: अट सैल करून मधला भाग मान्य करून टाकतात, म्हणजे साधन खूष होते. तो मार्ग घेतल्यास तसे उघड सांगितले पाहिजे. गणिताला सोयीचे व्हावे म्हणून कोणाची तरी गाडी चुकवणे हा गणिताचा निर्णय नव्हे. तो माणसाचा निर्णय आहे.

अर्ध्या माणसाची अडचणही याच जातीची. रविवारी २८ जणांना सुट्टी दिली की ५६ सुट्ट्या उरतात. त्या सहा दिवसांत सारख्या वाटा म्हटले तर रोज नऊ पूर्णांक एक-तृतीयांश माणूस येतो. पूर्ण संख्या म्हणजे सुटी सुटी बेटे. त्यांचा प्रदेश बहिर्वक्र नसतो. येथे उपाय सोपा होता. चार दिवस नऊ आणि दोन दिवस दहा, की छप्पन्न झाले. सगळीकडे तो इतका सोपा नसतो. नुसते जवळच्या पूर्ण आकड्यावर आणले तर कधी कधी एखादी अट मोडते. तेव्हा आणल्यावर पुन्हा तपासावे.

जी चूक यंत्र सांगत नाही

चौथ्या प्रकाराला शेरा नाही, तक्रार नाही. साधन ‘इष्टतम’ म्हणून मोकळे होते.

दुरुस्त केलेले वेळापत्रक घेऊन मी खात्यात गेलो. दर आठवड्याला २८ जणांना रविवार, म्हणजे फिरत्या क्रमाने प्रत्येकाला तीन आठवड्यांतून एक रविवार. मला मोठी विजयश्री मिळाल्यासारखे वाटत होते. खात्यातल्या एक ज्येष्ठ बाई कागद पाहून म्हणाल्या, “भाऊ, या आठवड्यात माझी सुट्टी सोमवारी आणि पुढच्यात रविवारी. मधले दिवस मोजा.” मोजले. मंगळवार ते रविवार सहा आणि सोमवार ते शनिवार सहा. सलग बारा दिवस! आठवड्याला एक सुट्टी ही अट कागदावर पाळली गेली होती, आणि बाईंना बारा दिवस उसंत नव्हती. १९४८ च्या कारखाने कायद्याने सुट्टी बदलून देताना सलग दहा दिवसांहून अधिक काम पडू नये असे बंधन घातले होते. ते मला पाठ होते. तरी मांडणीत ते लिहावयाचे राहिले, कारण मी आठवडा मोजला, माणूस मोजला नाही.

दुरुस्ती झाली: पुढच्या आठवड्यात ज्यांना रविवार मिळायचा त्यांची या आठवड्यातली सुट्टी बुधवारी किंवा त्यानंतर यावी. बुधवारी सुट्टी असेल तर गुरुवार ते रविवार चार आणि पुढचे सहा, बरोबर दहा दिवस होतात. मात्र एवढ्याने भागत नाही. सोमवारनंतर पुढच्या आठवड्यात शनिवार दिला तर मध्ये अकरा दिवस होतात, तेव्हा प्रत्येक बदल असा मोजून पाहावा लागतो. पण ही चूक साधन कधीच सापडवून देणार नव्हते. जे लिहिलेच नाही ते त्याला माहीत नसते. म्हणून उत्तर बरोबर आले असे वाटले की ते अशा माणसाला दाखवावे, ज्याला त्या उत्तराप्रमाणे जगायचे आहे.

अटीची किंमत

शेवटी एक गोष्ट, जी मला या सर्व खटाटोपात सर्वांत उपयोगी पडली. प्रश्न सुटल्यावर हे साधन प्रत्येक अटीपुढे एक आकडा देते. ती अट एकाने सैल केली तर उद्दिष्ट कितीने सुधारेल, हे तो सांगतो. गणिती त्याला द्वैत चल म्हणतात. मी त्याला अटीची किंमत म्हणतो. ‘रविवारच्या सुट्ट्या जास्तीत जास्त’ हे उद्दिष्ट ठेवले तेव्हा सोमवार ते शनिवारच्या अटींची किंमत शून्य आली आणि रविवारच्या ५६ ची किंमत एक. याचा अर्थ, इतर दिवसांच्या ७० वर घासाघीस करून रविवारची एकही सुट्टी वाढणार नाही. ५६ मधला एक माणूस कमी झाला की एक सुट्टी वाढते. रविवारचे काम ४२ माणसांवर आले तर प्रत्येकाला एक आड एक रविवार घरी मिळेल. त्यानंतर आम्ही बाकीच्या आकड्यांवरचे बोलणे सोडून दिले आणि वाटाघाटी त्या एका आकड्यावर आणल्या. साप्ताहिक सुट्ट्या शाबूत राहिल्या. ४२ चे बोलणे अजून चालू आहे.

मुंबईच्या गिरणी कामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली, त्यामागे नारायण मेघाजी लोखंडे यांनी अर्ज करीत आणि सभा घेत घालवलेली वर्षे होती. त्या काळी ‘जमत नाही’ असे मालक म्हणत असत. आता तेच कधी कधी संगणकाच्या तोंडून ऐकावयास मिळते. संगणक लबाड नाही, आणि त्याला घाबरण्याचे कारण नाही. त्याने ‘नाही’ म्हटले तर त्याला चार प्रश्न विचारावेत: आमचे म्हणणे तुला कळेल असे लिहिले आहे का? अटी एकमेकींशी भांडत आहेत का? मागणीच तुझ्या जातीबाहेरची आहे का? आणि त्याने ‘होय’ म्हटले तरी चौथा विचारावाच: आम्ही काही लिहावयाचे विसरलो आहोत का?

हे प्रश्न विचारण्यासाठी पदवी लागत नाही. मांडणीचा कागद हाती असावा लागतो, आणि तो मागण्याचा हक्क आपला आहे. आपल्या सोसायटीत, शाळेत, कचेरीत कोणी ‘संगणकाने असे काढले’ म्हणून कागद पुढे केला, तर त्याच्या मागचा दुसरा कागद मागावा.